पूर ओसरल्यावर आलेला इंजिनिअर

१५ सप्टेंबर म्हणजे इंजिनिअर्स डे. देशातल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांत त्या दिवशी एका फोटोला हार घातला जातो. डोक्यावर म्हैसुरी फेटा, अंगात कडक इस्त्रीचा कोट आणि चेहऱ्यावर हसू नाही. हे सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. मग भाषणं होतात. भाषणांत ठरलेले किस्से असतात. रुळांचा आवाज बदलला म्हणून रेल्वेची साखळी ओढल्याचा, सरकारी कामाला एक मेणबत्ती आणि स्वतःच्या कामाला दुसरी वापरल्याचा. हे किस्से कितपत खरे ते देव जाणे! पण त्यांच्या गर्दीत ह्या माणसाने प्रत्यक्ष केलेलं काम मागे राहतं, हे मात्र खरं.

आम्हा सिव्हिलवाल्यांना हायड्रॉलॉजीत पुराचं एक प्रकरण असतं. गणितं सोडवायची, ग्राफ काढायचा, जर्नल सबमिट करायचं आणि विसरून जायचं. त्या प्रकरणामागे खरी माणसं असतात, खरं शहर असतं, हे मला विश्वेश्वरय्यांच्या आयुष्यातलं एकच वर्ष नीट वाचल्यावर कळलं. ते वर्ष म्हणजे १९०९. म्हणून ह्या लेखात त्यांचं सगळं चरित्र नाही. एका शहरावर संकट आलं तेव्हा तिथल्या राज्यकर्त्यांनी काय केलं, संकट गेल्यावर काय केलं आणि त्यात ह्या इंजिनिअरचा वाटा काय होता, एवढंच सांगायचं आहे. पण त्यासाठी आधी थोडं मागे जायला हवं.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ साली म्हैसूर संस्थानातल्या चिक्कबळ्ळापूरजवळच्या मुद्देनहळ्ळी गावी झाला. वडील संस्कृत पंडित होते. ते लवकर वारले आणि घरची स्थिती बेताचीच राहिली. बंगलोरला शिकवण्या करत करत त्यांनी १८८१ मध्ये सेंट्रल कॉलेजातून बी. ए. केलं. मग म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते पुण्याच्या सायन्स कॉलेजात इंजिनिअरिंगला आले. हेच पुढचं सीओईपी. १८८३ मध्ये ते मुंबई इलाख्यात पहिले आले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या पीडब्ल्यूडीत असिस्टंट इंजिनिअर म्हणून रुजू झाले. म्हणजे आपण त्यांना म्हैसूरचे समजतो, पण शिक्षण पुण्यात आणि पहिली जवळजवळ २४ वर्षं नोकरी मुंबई इलाख्यात. अर्धे तरी ते आपलेच म्हणायला हरकत नाही.

नोकरीतलं अगदी सुरुवातीचं एक काम धुळे भागातलं. पांझरा नदीच्या पात्रातून पाइपचा सायफन टाकायचा होता. सायफन म्हणजे कालव्याचं पाणी नदीच्या खालून पलीकडे नेणारी नळी. पावसाळा सुरू झाला, नदीला पाणी आलं, केलेल्या कामात वाळू भरली. नव्या पोराने वरिष्ठांना काम पावसाळ्यानंतर करू देण्याची विनंती केली. वरिष्ठांना ती रुचली नाही. शेवटी त्यांनी ते काम त्याच हंगामात नेटाने पुरं केलं. पुस्तकातली नदी आणि खरी नदी ह्यांतला फरक त्यांना नोकरीच्या पहिल्याच दिवसांत कळला असणार. आपल्याला तो कळेल तेव्हा कळेल!

दुसरं काम सिंधमधल्या सक्करचं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सक्कर शहर सिंधू नदीच्या अगदी काठावर, म्हणजे पाणी भरपूर, पण ते गढूळ. पाणी गाळायला फिल्टर बेड बांधायचे तर म्युनिसिपालिटीकडे पैसे नाहीत. लहान शहराची ही अडचण आजही तशीच आहे. कागदावरची योजना उत्तम आणि तिजोरीत खडखडाट. विश्वेश्वरय्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली. वाळूतून झिरपत येणारं पाणी आपोआप गाळलं जातं, ते बोगद्याने काठावर आणून पंपाने उंचावर चढवलं. म्युनिसिपालिटीला परवडेल अशा खर्चात शहराला स्वच्छ पाणी मिळालं. मला हे काम फार आवडतं. पैसे नाहीत म्हणून फाइल बंद न करता, आहेत त्या पैशांत काय होईल ते त्यांनी शोधलं.

तिसरं काम पुण्याच्या उशाशी, खडकवासल्याला. तिथल्या तलावाला तेव्हा लेक फाइफ म्हणत. पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात पुण्याला आणि कालव्याला पाणी कमी पडे. धरणाची भिंत उंच करायची तर खर्च मोठा. विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये सांडव्यावर आपोआप चालणारे दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत अडून राहायचं. त्यावर गेलं की दरवाजे आपले आपण उघडायचे आणि पातळी उतरली की पुन्हा बंद व्हायचे. अंधाऱ्या रात्री, मुसळधार पावसात, सांडव्यावर माणूस उभा करायची गरज नाही. आज आपण सेन्सर आणि ऑटोमेशन म्हणून मिरवतो ते तेव्हा पाण्याच्या वजनावर आणि काउंटरवेटवर चालत होतं.

ह्या दरवाजांतली कल्पना लक्षात ठेवा, कारण ती पुढे लागणार आहे. धरणातल्या पाण्याकडे दोन बाजूंनी पाहावं लागतं. टंचाईसाठी ते साठवायचं असतं आणि पुरासाठी सोडायचं असतं. ह्या दोन्ही गोष्टी एकाच भिंतीकडून हव्या असतील तर पातळीचा नियम कडक असावा लागतो आणि तो पाळणारं कुणीतरी जागं असावं लागतं. मग तो माणूस असो की यंत्र.

पुढे ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर झाले. शहरांची पाणीयोजना आणि ड्रेनेज तपासायचं काम. १९०६ मध्ये एडनलाही त्याच कामासाठी जाऊन आले. पण त्या काळात सर्वांत वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठीच असायच्या. चीफ इंजिनिअर होण्याची शक्यता दिसेना, तेव्हा १९०८ मध्ये, पन्नाशीच्या आत, त्यांनी नोकरी सोडली आणि युरोपच्या दौऱ्यावर निघाले. दौरा चालू असताना, इटलीत, त्यांना निजाम सरकारची तार मिळाली.

आता हैदराबादला येऊ.

हैदराबाद मूसी नदीच्या दोन्ही काठांवर वसलेलं आहे. एरवी मूसी म्हणजे उथळ, लाजरीबुजरी नदी. शहराच्या वर तिला ईसी नावाची उपनदी येऊन मिळते. २६ सप्टेंबर १९०८ ला पावसाला सुरुवात झाली. २७ च्या संध्याकाळनंतर आभाळ फाटल्यासारखा पाऊस कोसळू लागला. शहराजवळच्या शमशाबादला २४ तासांत १२.८ इंच आणि ४८ तासांत १८.९ इंच पाऊस नोंदला गेला. २८ ची पहाट होण्याआधीच पाणी वस्तीत शिरलं आणि सकाळी उशिरापर्यंत ते चढतच राहिलं. अफझलगंज, मुस्लीम जंग आणि चादरघाट ह्या तिन्ही पुलांचा निभाव लागला नाही. कुतुबशाही काळातला १५७८ चा पुराना पूल तेवढा मार खाऊनही उभा राहिला. अफझलगंजचं इस्पितळ पाण्यात गेलं. त्याच्या आवारातल्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे लोक वाचले, असं सांगतात. ते झाड पुढे उस्मानिया हॉस्पिटलच्या आवारात जपलं गेलं. उर्दू कवी अमजद हैदराबादी ह्यांची आई, बायको आणि मुलगी ह्याच पुरात वाहून गेली. ते स्वतः तेवढे वाचले.

एकूण किती माणसं गेली ह्याचे अंदाज वेगवेगळे आहेत, पण नेहमी दिला जाणारा आकडा १५ हजारांचा आहे. शहराची सुमारे एक चतुर्थांश वस्ती बेघर झाली. दीड दिवसात!

तेव्हा गादीवर सहावे निजाम मीर महबूब अली खान होते आणि दिवाण होते महाराजा किशन प्रसाद. त्या दिवसांतलं सरकारचं वागणं बघण्यासारखं आहे. राजवाड्याची दारं लोकांसाठी उघडली गेली. ठिकठिकाणी अन्नछत्रं चालू झाली. मदतीसाठी निधी उभा राहिला. शहरातले लोकही धावून आले. सरोजिनी नायडूंनी केलेल्या मदतकार्याची दखल घेऊन पुढे ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिलं. जालियनवाला बागेनंतर त्यांनी ते परत केलं. निजामाने पंडितांच्या सल्ल्याने नदीची पूजा केली, अशीही आठवण हैदराबादेत सांगतात.

आपल्याकडे संकट आलं की इथपर्यंत सगळं होतं. पाणी, बिस्किटं, चादरी, मदतफेरी. कॉलेजातून आपणही वर्गणी काढतो आणि ते केलंच पाहिजे. पण हैदराबादने त्यापुढे एक गोष्ट केली, जी सहसा होत नाही. पूर ओसरला, चिखल वाळला, लोक घरं बांधायला लागले, तेव्हा सरकारने असं का झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं हे विचारायला बाहेरचा तज्ज्ञ बोलावला. इटलीत मिळालेली तार त्यासाठी होती. विश्वेश्वरय्यांनी दौरा अर्धवट टाकला नाही. तो संपवून एप्रिल १९०९ मध्ये ते हैदराबादला आले.

पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे मोजणी. घाईघाईने भिंत बांधा, नदी खोल करा असं त्यांनी सुचवलं नाही. पाऊस कुठे किती पडला, नदीचं पाणलोट क्षेत्र किती, पाणी कुठल्या उंचीपर्यंत चढलं, त्यावरून पुराचा जोर किती होता, हे सगळं मांडलं. दुसऱ्या प्रदेशांतल्या मोठ्या पावसाच्या नोंदी आणून त्यांच्याशी ताडून पाहिलं. पुराचा सर्वाधिक विसर्ग निघाला सुमारे ४ लाख २५ हजार क्युसेक. सिव्हिल सोडून बाकी ब्रँचवाल्यांसाठी सांगते: क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. २५ जुलै २०२४ ला पुण्यात सिंहगड रोडवरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सुमारे ३५ हजार क्युसेक होतं. त्याच्या बारापट पाणी एका शहराच्या मधोमध. विचार करा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. मूसीच्या पाणलोटात जवळजवळ दर चौरस मैलाला एक तळं होतं. शेतीसाठी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेली मातीच्या बांधांची एकूण ७८८ तळी. त्यांतली २२१ त्या पावसात फुटली. वरचं तळं फुटलं की त्याचं सगळं पाणी एकदम खालच्या तळ्यावर येणार, ते फुटणार, मग त्याच्या खालचं. पत्त्यांची रांग कोसळावी तसं. म्हणजे आपत्ती फक्त आभाळातून आली नव्हती. माणसाने बांधलेली आणि मोठ्या पावसाचा हिशोब न धरलेली तळीही त्यात सामील होती. एकेक तळं आपापल्या गावापुरतं ठीक असेल, पण सगळ्यांची मिळून काळजी करणारं कुणी नव्हतं. मला वाटतं आपल्या शहरांतही हेच होतं. एका बिल्डरने नाल्यावर स्लॅब टाकला, दुसऱ्याने भराव घातला, तिसरीकडे पुलाच्या मोऱ्या अरुंद ठेवल्या. प्रत्येकाला आपलं काम किरकोळ वाटतं. नदी मात्र सगळ्यांची एकदम बेरीज करते.

१ ऑक्टोबर १९०९ ला त्यांनी अहवाल दिला. उपाय मुख्यतः असा होता. शहराच्या वर, मूसीवर एक आणि ईसीवर एक, अशी दोन मोठी धरणं बांधायची. पूर आला की त्याचा मोठा भाग तिथे अडवायचा आणि शहरातून सुरक्षितपणे जाऊ शकेल एवढंच पाणी खाली सोडायचं. बादलीभर पाणी सिंकमध्ये एकदम ओतलं तर बाहेर सांडतं, तेच हळूहळू ओतलं तर निमूट निघून जातं. हायड्रोग्राफचं टोक बोथट करणं म्हणतात ते एवढंच! शिवाय शहरातले नदीचे काठ उंच आणि नीट करायचे, काठावर दाटीने घरं होऊ न देता रस्ते आणि बागा करायच्या आणि शहरासाठी जमिनीखालचं ड्रेनेज करायचं. पूर आणि रोगराई ह्यांचा संबंध सॅनिटरी इंजिनिअरला वेगळा सांगायला नकोच.

अहवाल देऊन पुढच्याच महिन्यात ते म्हैसूरला चीफ इंजिनिअर म्हणून गेले. म्हणजे योजना लिहिणारा माणूस निघून गेला. १९११ मध्ये निजाम महबूब अली खान वारले. म्हणजे तज्ज्ञाला बोलावणारा राजाही गेला. आपल्याकडचा अनुभव असा की इथे फाइल कपाटात जाते. नवा साहेब, नवी योजना. हैदराबादेत तसं झालं नाही. सातवे निजाम मीर उस्मान अली खान ह्यांच्या कारकिर्दीत १९१२ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट बोर्ड स्थापन झालं. शहर सुधारणं हेच ज्याचं काम, अशी कायमची यंत्रणा. मूसीवरचं उस्मान सागर १९२० मध्ये पुरं झालं आणि ईसीवरचं हिमायत सागर १९२७ मध्ये. नदीकाठ बांधून काढले गेले आणि काठावर हायकोर्ट आणि उस्मानिया हॉस्पिटलच्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या. पुरानंतर जवळजवळ १९ वर्षांनी योजनेतलं दुसरं धरण झालं. इतकी वर्षं त्या रात्रीची आठवण सरकारदरबारी टिकली, हेच मला सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

पण इथे एक मेख आहे. ही धरणं पुरासाठी होती तशीच हैदराबादच्या पिण्याच्या पाण्याचीही झाली आणि कित्येक दशकं शहराने तेच पाणी प्यायलं. आता बघा. नळाला पाणी हवं तर धरण भरलेलं पाहिजे. पूर अडवायचा तर धरणात जागा रिकामी पाहिजे. रिकाम्या जागेचा त्रास असा की ती दिसत नाही आणि तिचं कौतुकही कुणी करत नाही. दहा वर्षं पूर आला नाही की ती जागा वाया चालली आहे असं वाटायला लागतं. मग पातळी थोडी वाढवा, काठ थोडा वापरा, तलावाच्या कडेने प्लॉट पाडा. आपत्तीची तयारी म्हणजे बोटी, दोरखंड आणि सायरन असं मला आधी वाटायचं. ते लागतंच. पण खरी तयारी म्हणजे काहीच होत नसताना ही रिकामी जागा रिकामी ठेवणं. धरणातली, नदीकाठची, नाल्यातली आणि बजेटमधलीसुद्धा.

विश्वेश्वरय्यांचं पुढचं आयुष्य सर्वांना माहीत आहे म्हणून थोडक्यात. म्हैसूरला त्यांच्या हाताखाली कृष्णराजसागराचं काम सुरू झालं, १९१२ ते १९१८ ते संस्थानचे दिवाण होते, भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना, म्हैसूर विद्यापीठ, बँक अशा कितीतरी गोष्टींशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. ह्यातलं कुठलंच काम एकट्या माणसाचं नव्हतं, हे फोटोला हार घालताना विसरायला नको. तसंच त्यांचं सगळंच पटावं असंही नाही. सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना राखीव जागा देण्याच्या धोरणाला त्यांचा विरोध होता आणि दिवाणपद सोडण्यामागे तेही एक मोठं कारण होतं. पाण्याचा हिशोब इतका नेमका मांडणाऱ्या माणसाला समाजातल्या चढउतारांचा हिशोब तसाच दिसला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं. मोठ्या माणसाबद्दल हेही लिहावं, त्याने तो लहान होत नाही.

पुराच्या प्रश्नाने मात्र त्यांची पाठ सोडली नाही. १९३७ मध्ये, वय पंच्याहत्तरच्या पुढे असताना, त्यांनी ओरिसाच्या पुरांवर अहवाल दिला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचं धरणही टिकलं नाही, तेव्हा ते हयात होते. शंभरी पूर्ण व्हायला दोन महिने बाकी होते. ज्या तलावावर त्यांनी ऐन उमेदीत दरवाजे बसवले, तो एका सकाळीत रिकामा झाला आणि ज्या पुण्यात ते शिकले, तिथल्या पेठा पाण्याखाली गेल्या. एप्रिल १९६२ मध्ये त्यांचं निधन झालं.

आणि हैदराबाद? १९९६ मध्ये तिथल्या सरकारने एक आदेश काढून ह्या दोन तलावांच्या भोवती १० किलोमीटरपर्यंत कारखाने आणि मोठी बांधकामं ह्यांना बंदी घातली. २०२२ मध्ये ती बंदी उठवण्याचा आदेश निघाला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, एका रात्रीच्या पावसाने शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये वरच्या धरणांचे दरवाजे उघडल्यावर मूसी पुन्हा चढली आणि नदीलगतच्या मोठ्या बस स्टँडमध्ये पाणी शिरलं. १९०८ सारखा संहार झाला नाही, ह्यात त्या दोन धरणांचा वाटा आहेच. पण काठावर ठेवायला सांगितलेली मोकळी जागा किती उरली, हा प्रश्न आहेच.

दूर कशाला, आपल्याकडे बघू. लातूरचा १९९३ चा भूकंप, मुंबईची २६ जुलै २००५ (सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर!), २०१९ चा सांगली-कोल्हापूरचा महापूर. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात कलेक्टरांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं आणि महापालिका-नगरपालिकांवरही कर्मचाऱ्यांना तयार ठेवण्याची, साधनसामग्री सज्ज ठेवण्याची जबाबदारी आली. सांगलीत आयर्विन पुलावर ४५ फूट ही धोक्याची पातळी, कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, हे आकडे तिथल्या लहान पोरांनाही पाठ असतात. ही चांगलीच गोष्ट आहे. पातळी माहीत असेल तर माणूस जनावरं सोडून, पोतं पाठीवर टाकून वेळेत निघतो. १९०८ च्या हैदराबादकरांना ते सांगणारं कुणी नव्हतं.

पण आपल्या नद्यांच्या नकाशांवर दोन रेषाही असतात. साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम करायचं नाही आणि दोहोंच्या मधे करायचं तर अटी पाळून. ह्या रेषा म्हणजेच ती रिकामी जागा. शंभर वर्षांतून एकदा हे ऐकायला खूप लांब वाटतं. पण प्रोबॅबिलिटीच्या तासाला आपण शिकलो आहोत की त्याचा अर्थ शंभर वर्षांनी असा नसून दर वर्षी एक टक्का असा आहे. तीस वर्षांच्या होम लोनच्या काळात तो पूर एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के निघते. हवं तर कॅल्क्युलेटर घेऊन बघा.

मित्रहो, आपल्यापैकी सगळेच काही अमेरिकेला किंवा आयटीत जाणार नाहीत. काहीजण नगरपालिकेत ज्युनिअर इंजिनिअर होतील, काहीजण पाटबंधारे खात्यात, काहीजण बिल्डरकडे. ज्या वर्षी पाऊस बेताचा असेल अशा एखाद्या शांत वर्षी टेबलावर एक नकाशा येईल. लाल रेषा जरा आत सरकवली तर कुणाचं काही बिघडणार नाही, उलट दहा जणांचं भलं होईल, असं समजावणारी माणसं समोर बसलेली असतील. त्या वेळी ना पूर असेल, ना टीव्हीचा कॅमेरा, ना चिंचेच्या झाडावर चढलेले लोक. सही करायची की नाही हे एकट्याने ठरवावं लागेल. विश्वेश्वरय्या हैदराबादला पोचले तेव्हाही पूर ओसरून सहा महिने झाले होते आणि एप्रिलच्या उन्हात मूसी जवळजवळ कोरडी असणार. त्या कोरड्या पात्राकडे बघून त्यांनी ४ लाख २५ हजार क्युसेकचा हिशोब मांडला. आपल्यालाही तेवढंच करायचं आहे.

— तृतीय वर्ष, सिव्हिल